पणजोबांचा खून कागदात कसा शोधायचा: आधी तारीख, मग पेपर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे भाऊ पुण्यात नोकरीला आहेत, मूळ गाव शिंदखेडा तालुक्यातलं. घरात सांगत आलेत की पणजोबांना पोळ्याच्या दिवशी भाऊबंदांनी बांधाच्या वादावरून कुऱ्हाडीने मारलं, केस धुळ्याला चालली, एकाला काळं पाणी झालं, आणि तेव्हा आजोबा पाळण्यात होते. आजोबांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून १९२६. घरात आता जुनं माणूस म्हणून एक आत्याच उरलीय, दोंडाईच्याला. भाऊंनी पणजोबांचं नाव गूगलवर टाकून बघितलं, मराठीत इंग्रजीत दोन्ही, काहीच आलं नाही. त्यांना त्या वेळच्या पेपरातली बातमी हवीय, आणि हे सगळं खरं आहे का नुसती घरातली गोष्ट आहे तेही कळायला हवंय.

मी मोडी वाचतो, धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या वंशावळी लावतो, आणि दर वंशावळीत एखादा तरी असा निघतोच, मारलेला, विहिरीत सापडलेला, बाजाराला गेला तो आलाच नाही असा. म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट, खून शोधू नका, तारीख शोधा. लोक उलटं करतात, थेट पेपर उघडतात. तुम्हाला तारीख माहीत नसेल तर दहा वर्षांचे पेपर म्हणजे आयुष्य जाईल, आणि तारीख हातात असेल तर काम चार-पाच आठवड्यांच्या अंकांवर येतं. आणि तारीख खुनाच्या कागदात शोधायचीच नसते, ती शेताच्या, श्राद्धाच्या, शाळेच्या कागदात असते, कारण माणूस कसाही मेला तरी त्याचं शेत कुणाच्या तरी नावावर करावं लागतं आणि त्याला पाणी द्यावं लागतं.

आता घरापासून सुरू करा. आत्याला पहिल्याच झटक्यात "कोणी मारलं" विचारू नका, त्याचं उत्तर तिच्याकडे तयार आहे, ते तिने शंभरदा ऐकलंय आणि तेच सांगेल. आडून विचारा. आजोबांना लहानाचं मोठं कोणी केलं, पणजीबाई सासरी राहिली की पोरगं घेऊन माहेरी गेली, गावातल्या कुठल्या घरचं पाणी पीत नव्हते, कुठल्या घराशी सोयरीक बंद होती, कुठलं शेत विकलं आणि का विकलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरताना कोणाकोणाची नावं घ्यायचे. फोनवर रेकॉर्ड करा, आणि ती अहिराणीत बोलत असेल तर अहिराणीतच राहू द्या, शुद्ध मराठी करायच्या नादात निम्मी माहिती सांडते. "पोयाना रोज मारी टाकं त्यासले" (पोळ्याच्या दिवशी मारून टाकलं त्यांना) एवढं वाक्य म्हणाली तरी त्यात दिवस मिळाला, पण पुढे लगेच विचारा की बैल रंगवून झाले होते का, पुरणपोळी झाली होती का, पाऊस होता का. बरेचदा उत्तर येतं की पोळा नाही, पोळ्याच्या दोन दिवस आधी, किंवा पोळ्याला प्रेत सापडलं. म्हाताऱ्या माणसांची आठवण सणाला टांगलेली असते, सणाच्या दिवसावर नाही, सणाच्या आसपासवर.

मग श्राद्ध कधी घालतात ते विचारा, हे फार लोक विचारत नाहीत आणि मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झालाय. पितृपक्षात साधारण ज्या तिथीला माणूस गेला त्या तिथीला श्राद्ध असतं. पण शस्त्राने, अपघाताने, अशा घातपाताने गेलेल्या माणसाचं भाद्रपद वद्य चतुर्दशीला घालतात, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, घात चतुर्दशी किंवा घायाळ चतुर्दशी म्हणतात तिला. तुमच्या घरात कारण न कळता एखाद्या पूर्वजाचं पान चतुर्दशीला ठेवत असतील तर समजा की गोष्टीला बूड आहे, निदान ज्यांनी पहिल्यांदा ते पान ठेवलं त्यांना तरी ते मरण साधं वाटलं नव्हतं. फक्त याने मृत्यूची तिथी मिळत नाही, मरणाची जात मिळते. देव्हाऱ्यातले टाक पण बघून घ्या, वीराचा टाक असेल तर विचारा कोणाचा म्हणून, पण घोड्यावरचा स्वार दिसला की लगेच पणजोबा समजू नका, तो खंडोबाही असतो.

त्र्यंबकेश्वर विसरू नका. दुर्मरण झालं की नारायण नागबळी करायला आपल्याकडची घरं त्र्यंबकला जातात, आणि तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावागणिक, आडनावागणिक वह्या आहेत. कोण आलं, कोणासाठी आलं, सोबत कोण, कुठल्या गावचे, असं लिहून खाली आलेल्याची सही किंवा अंगठा. तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते भाऊबंदांपैकी कोणाला तरी माहीत असतं, नाहीतर तिथे जाऊन गाव आणि कूळ सांगितलं की पत्ता लागतो. विधी मरणानंतर लगेच होईलच असं नाही, कधी घरात मूल जगेना, कोणाला स्वप्न पडलं, मग काही वर्षांनी जातात, त्यामुळे तिथली तारीख म्हणजे "याच्या आधी मेला" एवढंच धरायचं. तुमच्या समाजात भाट येत असतील तर त्यांचीही वही बघा, पण भाटाच्या वहीत वंश पक्का असतो, तारखा कच्च्या.

आता शेत, इथे खरा मासा आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत १९०३ च्या कायद्याने आली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यातच बसवली, म्हणजे १९२० च्या दशकातला मृत्यू असेल तर गावाच्या फेरफार रजिस्टरात, गाव नमुना ६ मध्ये, वारसाची नोंद असणारच, शेत नावावर असेल तर. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं की अमुक वलद (म्हणजे मुलगा कोणाचा ते) अमुक हा अमुक तारखेला मयत झाला, त्यास वारस मुलगा अमुक, वय इतकं, अ.पा.क. आई अमुक. हे अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मालक नाबालिग आहे म्हणून पालकाचं नाव. आजच्या सातबाऱ्यावरून मागे मागे जात फेरफार नंबर धरून उतरायचं, प्रत्येक फेरफारात आधीच्याचा धागा असतो. महाराष्ट्र शासनाच्या आपले अभिलेख साइटवर बऱ्याच गावांचे जुने फेरफार स्कॅन करून टाकलेत, तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागा. मुलाचं वय तिथे दोन वर्षं लिहिलं असेल तर तुमच्या आजोबांचा १ जून १९२६ पण तपासला जातो, कारण १ जून ही तारीख गुरुजींनी ठेवलेली असते, पोराला शाळेत घालायला आणलं की अंदाजे वय आणि १ जून. निम्म्या खानदेशचा वाढदिवस १ जूनला आहे.

आणि फेरफार वाचताना पुढची पाच वर्षं पण वाचा. पणजोबा गेल्यावर ते शेत कोणाकडे गेलं, विधवेने विकलं का, कोणाला विकलं, बांधाच्या शेजाऱ्याला विकलं का. विक्री झाली असेल तर दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक २ मध्ये, आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, खरेदीखताची नोंद सापडते. खुनाचं कारण कोर्टाच्या कागदात जेवढं असतं त्याहून जास्त कधी कधी इथे असतं. पण जरा जपून. विधवा आणि अज्ञान मूल असलेल्या घराचं शेत शेजारी घेतो ते दर वेळी पापातून घेतो असं नाही, कर्ज असतं, कसायला माणूस नसतं, आणि शेजारीच गिऱ्हाईक असतो.

मृत्यूची नोंद म्हणजे गावचं जन्म-मृत्यू रजिस्टर, आपल्याकडे गाव नमुना १४, विदर्भाच्या बाजूला कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदींच्या शोधापासून, २०२३ ला शिंदे समिती नेमली तेव्हापासून, ही रजिस्टरं सगळ्यांना माहीत झाली आणि बरीच स्कॅनही झाली, पण ऑनलाइन टाकली जातात ती बहुतेक कुणबी शब्द सापडलेली पानं, म्हणून त्यात नाव नाही म्हणजे नोंद नाही असं समजू नका, मूळ रजिस्टर तहसीलला बघायला मागा. मृत्यूचं कारण एका रकान्यात असतं आणि ते डॉक्टरचं नसतं, गावकामगाराचं असतं. पटकी, देवी, ताप, हगवण, जखमा, बाकी सगळं इतर. ताप हा तर कशालाही लिहायचे. तुमच्या पणजोबांसमोर जखम, मारामारी, खून असं काही लिहिलं असेल तर उत्तमच. आणि ताप लिहिलं असेल, आणि त्याच पानावर त्याच आठवड्यात अजून दहा-बारा जण तापानेच गेलेले असतील, तर थांबून विचार करा. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, असं पानच्या पान दिसतं, घरात एकदम दोन-तीन माणसं गेली आणि पुढच्या पिढीला ते करणी, विषप्रयोग, भाऊबंदांचं काम असं सांगितलं गेलं, हे मी बघितलंय.

एक गोष्ट इथे हमखास चुकते. मृत्यूची नोंद माणूस जिथे मेला त्या गावात होते, राहत होता तिथे नाही. दोंडाईच्याच्या बाजारातून येताना वाटेत मारला असेल तर त्या वाटेवरच्या गावाचं रजिस्टर, सारंगखेड्याच्या यात्रेत काही झालं असेल तर सारंगखेड्याचं, आणि जखमी करून धुळ्याच्या सिव्हिलला आणलं आणि तिथे गेला तर धुळे शहराचं. रेल्वेच्या रुळावर प्रेत सापडलं असेल तर तपास रेल्वे पोलिसांकडे गेलेला असतो, तो कागद तुम्हाला तालुक्याच्या ठाण्यात मिळणार नाही. ताप्ती व्हॅली रेल्वेच्या बाजूची गावं असतील तर हे लक्षात ठेवा, नरडाणा, दोंडाईचा ही सगळी त्याच लाइनवरची.

हद्दींबद्दलही आत्ताच सांगून टाकतो, कारण चुकीच्या जिल्ह्यात शोधून लोक दमतात. १९०६ पर्यंत एकच खानदेश जिल्हा होता, ठाणं धुळे. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम झाले, पूर्वचं जळगाव, पश्चिमचं धुळे. नंदुरबार तर १९९८ चा जिल्हा, त्यामुळे शहादा-तळोद्याचं जुनं दप्तर धुळ्याच्या नावाने असतं. १८६९ च्या आधी मालेगाव, बागलाण, नांदगाव हाही भाग खानदेशातच होता, नाशिक जिल्हा तेव्हा झाला. आणि तुमचा शिंदखेडा तालुका १८८० च्या गॅझेटियरमध्ये शोधाल तर मिळणार नाही, तिथे विरदेल तालुका आहे, तसंच साक्रीऐवजी पिंपळनेर, जळगावऐवजी नसिराबाद. १९२० च्या दशकासाठी तुम्हाला पश्चिम खानदेश धरायचंय. पण समजा गुन्हा हद्दीपलीकडे झाला, चाळीसगाव-पाचोऱ्याच्या दक्षिणेला निजामाचा मुलूख, वर होळकरांचं इंदूर आणि बडवानी संस्थान, पश्चिमेला गायकवाडांचा सोनगड, पूर्वेला वऱ्हाड, तर केस तिकडच्या कोर्टात आणि कागद तिकडच्या भाषेत. निजामाकडचे उर्दूत. आरोपी पळून हद्द ओलांडून गेला म्हणून केस लांबली, असंही व्हायचं.

आता पेपर. तारीख मिळाली असं धरू, किंवा निदान वर्ष. पोळा म्हणजे श्रावण अमावस्या, ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये येते, जुनं पंचांग उघडून १९२५ ते १९३० च्या सहा पोळ्यांच्या इंग्रजी तारखा काढून एका कागदावर लिहा, अधिक महिन्याचं वर्ष असेल तर निज श्रावण धरा. घरात मारवाडी दुकानाची जुनी वही वगैरे मिळाली आणि त्यात तिथी असेल तर ध्यानात घ्या की त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपल्या श्रावण वद्याला ते भाद्रपद वद्य म्हणतात, आणि संवत असतो, शक नसतो. शकात ७८ मिळवायचे, संवतातून ५७ वजा करायचे, वर्षाच्या कडेला एखाद्याचा फरक पडतो. नाहीतर एका महिन्याने आणि एका वर्षाने चुकून बसाल.

बातमी एकदाच येत नाही, चार-पाचदा यायची शक्यता असते आणि लोक फक्त पहिली शोधतात. पहिली, खून झाला ही, ती बहुतेक दोन-चार ओळींची, तालुक्याच्या बातमीदाराचं पत्र पोस्टाने जाऊन छापून यायला वेळ लागायचा म्हणून दोन ते सहा आठवडे पुढे बघा. मग मॅजिस्ट्रेटने केस सेशनला पाठवली ही. मग सेशनचा निकाल. फाशी झाली असेल तर ती मुंबई हायकोर्टाने कायम करावी लागायची, त्याची एक. आणि हायकोर्टात काही वेगळं झालं, सुटले किंवा शिक्षा कमी झाली, तर त्याची सगळ्यात मोठी बातमी. म्हणजे ऑगस्टचा खून असेल तर पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंतचे अंक बघायला हवेत.

कुठले पेपर. धुळ्याचा खानदेश वैभव, जळगावचं प्रबोधचंद्रिका ही आपली जुनी नावं, एकोणिसाव्या शतकातली, पण सलग अंक मिळणं नशिबाची गोष्ट आहे. आपल्या भागातलं जुनं छापील काही शोधायचं असेल तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि जळगावचं व. वा. वाचनालय इथे जाऊन आधी विचारा, फोनवर विचारू नका, फोनवर "नाही" म्हणणं सोपं असतं. पुण्याचे केसरी आणि ज्ञानप्रकाश यांना खानदेशातून पत्रं जायची आणि तुम्ही पुण्यातच आहात तर तिथून सुरू करा. मुंबईचा बॉम्बे क्रॉनिकल १९१३ पासूनचा, आणि टाइम्स ऑफ इंडिया, हा प्रोक्वेस्टच्या डेटाबेसमध्ये शब्द टाकून शोधता येतो, मोठ्या विद्यापीठांच्या लायब्ररीत तो असतो, ओळखीचा कोणी विद्यार्थी गाठा. जुन्या मराठी पेपरांत मात्र शब्द टाकून शोधणं विसरा, जुना टाइप आणि पिवळा कागद मशीनला वाचता येत नाही, पानं डोळ्याने वाचावी लागतात.

आणि नाव टाकून शोधू नका, गूगलवर तुम्हाला काही मिळालं नाही ते याच्यामुळेच. त्या काळच्या बातमीत मेलेल्याचं नाव बरेचदा नसतंच, "एका कुणब्याचा खून", "शिंदखेडे तालुक्यात भयंकर खून" एवढंच. नाव असलं तरी पाटील हे आडनाव लावतील याची खात्री नाही, दगडू वलद उखा एवढंच असेल, आणि इंग्रजीत त्याचं काय होईल ते देव जाणे. गाव आणि तालुका धरून शोधा, तेही जुन्या स्पेलिंगने. धुळ्याचं इंग्रजी धुलिया, खानदेशाचं अगदी जुन्यात कँडेश, अमळनेरचं उमुलनेर. इंग्रजी पेपरात वेस्ट खानदेश आणि मर्डर हे दोन शब्द आणि तुमच्या सहा तारखांच्या पुढचे महिने, असं लावून बघा.

एकोणिसाव्या शतकातला मृत्यू असता तर अजून एक रस्ता सांगितला असता, आणि इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतोच. सरकार देशी पेपरांचा दर आठवड्याला इंग्रजीत सारांश काढायचं, रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स. मूळ अंक नष्ट झालेल्या पेपरांतला मजकूर त्यात सापडतो. पण साधा भाऊबंदकीचा खून त्यात येत नाही, पोलिसांवर, मामलेदारावर, गोऱ्या साहेबावर काही आरोप असेल तरच येतो, कारण तो सारांश सरकारला टीका कळावी म्हणून होता. पोलीस खात्याचे वार्षिक रिपोर्ट पण असतात, त्यात जिल्हावार खुनांचे आकडे, हे सगळं मुंबईला पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत.

कोर्टाचा कागद हा खरा ऐवज, पण इथे मेलेल्याचं नाव शीर्षकात नसतंच. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो, १९०१ पर्यंत क्वीन एम्प्रेस विरुद्ध अमुक, नंतर एम्परर विरुद्ध अमुक. म्हणजे तुम्हाला आरोपीचं नाव हवं, आणि ते पुन्हा आत्याकडेच आहे, म्हणून मी तिला आडून विचारायला सांगितलं. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासून आणि बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून निघतात, त्यातले बरेच जुने निकाल इंडियन कानूनवर फुकट वाचायला मिळतात, गावाच्या नावाने शोधा. छापलेले निकाल थोडेच असतात, ज्यात कायद्याचा काही मुद्दा निघाला तेवढेच, माफीचा साक्षीदार किती विश्वासाचा, मरताना दिलेली जबानी चालते का, असे. पण तुमचा निघालाच तर पहिल्या दोन पानांत सगळी हकीकत असते, कोण कुठे उभं होतं, कुऱ्हाड कोणाची, कोणी पाहिलं. न छापलेल्या निकालासाठी धुळे जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करा, खटल्याचे बाकी कागद मुदत संपली की नष्ट करतात, निकालपत्र त्यापेक्षा जास्त टिकतं. पोलीस ठाण्यात गाव गुन्हे नोंद वही नावाचा प्रकार असतो, गावागणिक मोठ्या गुन्ह्यांची आणि वैराची टिपणं, ती मागून बघा, जुनी मिळेलच असं नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करताना "खुनाची माहिती द्या" असं मोघम लिहू नका, गाव, वर्षं आणि रजिस्टरचं नाव लिहा, आणि कोणी गोपनीय म्हणालं तर कलम ८ चं पोटकलम ३ दाखवा, वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती थोडे अपवाद सोडून द्यावी लागते.

काळं पाणी म्हणजे अंदमान असं धरून लोक अंदमानच्या याद्या शोधत बसतात. १९२० नंतर साधे खुनाचे कैदी अंदमानला पाठवणं सरकारने कमी करत आणलं होतं, शिक्षेचं नाव मात्र कायद्यात तेच राहिलं, १९५५ च्या दुरुस्तीपर्यंत. त्यामुळे पेपरात जन्मठेप काळे पाणी छापलेलं असलं तरी माणूस येरवड्याला असू शकतो, आणि सूट मिळून गावात परतही आलेला असू शकतो. तुमच्या गोष्टीत तो परत आला का हे आत्याला नक्की विचारा, आला असेल तर पुढचं सगळं वेगळं वाचावं लागेल.

सापडल्यावर कसं वाचायचं, याबद्दल माझं मत जरा कडक आहे. पेपरातल्या बातमीला लोक कोर्टाचा निकाल समजतात. ती पोलिसाने किंवा पाटलाने बातमीदाराला सांगितलेली हकीकत असते, नावं चुकलेली, वय चुकलेलं, कारण तर हमखास "बाईच्या नादाने" किंवा "जुन्या वैरातून". खानदेशात तर अजून एक खोड होती, दरोडा आणि वाटमारी झाली की भिल्ल नाहीतर पारधी यांचं नाव आधी, तपास नंतर. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, मुंबई इलाख्यात तो १९११ नंतर आला, त्याने अख्ख्या जमाती जन्मतः चोर ठरवल्या आणि १९५२ ला तो रद्द झाला. त्या काळचा पेपर "भिल्लांनी मारले" म्हणतो तेव्हा आरोपी पकडला होता का आणि शिक्षा झाली का हे बघितल्याशिवाय ते आपल्या वंशावळीत उतरवू नका. उलट घरातली गोष्ट "दरोडेखोरांनी मारलं" म्हणते आणि कोर्टाच्या कागदात सख्खा चुलत भाऊ निघतो, हेही होतं. पारोळ्याकडच्या एका घरात असंच निघालं, तीन पिढ्या दरोडा दरोडा म्हणत होते, निकालात आरोपी त्यांचाच सालदार होता आणि भांडण ठरलेल्या सालाच्या पैशावरून. घरच्यांनी ते पुढे सांगितलं नाही कारण पैसे दिले नव्हते हे पण सांगावं लागलं असतं.

म्हणून "खरं का गोष्ट" याला माझं उत्तर असं की तुमच्या गोष्टीत चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, मारलं, पोळ्याला मारलं, भाऊबंदांनी मारलं, एकाला काळं पाणी झालं, आणि त्या सुट्या सुट्या तपासा. पहिली बहुतेक खरी निघते. दुसरी दहा-पंधरा दिवसांनी सरकते. तिसरीतच घरचा राग मिसळलेला असतो. चौथी कागदावर हो किंवा नाही अशी सरळ मिळते, आणि ती "नाही" निघाली, आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला असं निघालं, तर तिसरी पण पुन्हा उघडून बघायची.

ज्यांनी मारलं म्हणतात त्यांची नातवंडं-पंतवंडं त्याच गावात असतील, कदाचित तुमच्याच भाऊबंदांत. निकाल सापडला तर त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, निदान त्या घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाशी बसून बोलल्याशिवाय तरी नको. त्यांच्याकडेही त्यांची गोष्ट असते, आणि कधी कधी केसच्या नकला त्यांच्याकडेच जपून ठेवलेल्या असतात, कारण वकिलाचा खर्च त्यांनी केला होता.

फेरफार किंवा मृत्यूची नोंद मोडीत निघाली तर नुसत्या त्या ओळीचा फोटो काढू नका, अख्खं पान काढा, रकान्यांची डोकी आणि वरचं गावाचं नाव दिसेल असं, आणि मागचं-पुढचं पान पण. गावच्या लेखनिकाचा हात ओळखायला आजूबाजूच्या पाच-दहा नोंदी लागतात, एकट्या ओळीवरून खात्रीने वाचता येत नाही. आणि आत्याकडे आधी जा, तहसील पितृपक्षानंतरही उघडं असतं.